पंचवीस हजारांवर

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे वीस मिनिटं होती. आधी दोन माहितीपट, मग मी, मग चहा आणि संध्याकाळी व्ही. शांताराम. तुरुंग आणि बंद्यांचे हक्क या विषयावरचा वस्तीतला सिनेमा महोत्सव. जागा उत्तर नागपुरातल्या एका विहाराचं सभागृह, दिवस 10 डिसेंबरच्या, म्हणजे मानवी हक्क दिनाच्या, जवळचा रविवार. समाजकार्य शिकणाऱ्या सात-आठ पोरापोरींनी वर्गणी काढून सगळं उभं केलेलं. पडदा म्हणजे दोन पांढऱ्या चादरी शिवलेल्या, त्यामुळे मधली शिवण पडद्यावरच्या प्रत्येक माणसाच्या नाकावरून जायची. खिडक्यांना उजेड अडवायला सतरंज्या टांगल्या होत्या. तर्री पोहे मात्र फर्स्टक्लास.

मी विधी सेवेच्या पॅनेलवरचा वकील. 1987 च्या कायद्यानं कोठडीतल्या माणसाला, त्याची कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो. तो वकील बऱ्याचदा माझ्यासारखा असतो. दिवसाला दहा-बारा फायली, एका कोर्टातून दुसऱ्यात धाव, आणि मधल्या व्हरांड्यात नातेवाइकांशी दोन वाक्यं. हे व्हरांड्यातलं बोलणं लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच गाडी येणार आहे.

पहिलाच माहितीपट लागला आणि घोळ कळला. फिल्म तमिळमधली, खाली इंग्रजी अक्षरं. समोर पन्नास-साठ बाया, त्यांतल्या निम्म्यांना मराठीसुद्धा नीट वाचता येत नाही. आयोजकांपैकी एक मुलगी माईक घेऊन वाकत वाकत माझ्यापाशी आली. "सर, तुम्हीच सांगा ना मराठीत." म्हणून मी पडद्याच्या बाजूला स्टुलावर बसलो आणि वाचत गेलो.

"हा न्यायाधीन बंदी सांगतोय की..." मी सुरू केलं.

"कच्चा कैदी म्हणा ना साहेब," पुढच्या सतरंजीवरून आवाज आला. हशा पिकला. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही तो. मग मी तेच म्हणायला लागलो, आणि त्या दिवशी मी केलेली ती पहिली दुरुस्ती.

पुढे मुलाखतीचा प्रसंग आला. काचेच्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला आई. दोघं गप्प, मागे बासरी. मी आवाज बारीक केला. आणि सगळं सभागृह फस्सकन हसलं. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. तेवढ्यात एक बाई उठून म्हणाली, "एवढं शांत कुठं असते बावा? बाजूवाली ओरडते म्हून आपल्यालेबी ओरडा लागते. अर्धा टाइम तं 'काय म्हनला? काय म्हनला?' यातच जाते." दुसरी म्हणाली, "अन् बासरी कोन वाजवते तिथं?" पुन्हा हशा. ज्यांनी फिल्म बनवली ते या हॉलमध्ये असायला हवे होते असं मला फार वाटलं. वर्धा रोडवरचं मध्यवर्ती कारागृह 1864 सालचं. त्याच्या फाटकासमोर पिशव्या घेऊन बसणाऱ्यांपैकी कितीतरी जणी या सतरंजीवर होत्या, हे मला तेव्हा उमगलं.

माझी वीस मिनिटं चांगली झाली. खोटं कशाला बोलू, मी रंगात आलो होतो. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं, आणि दर चारांतले तीन कच्चे, हे सांगितलं. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) कलम 479 आहे, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं, जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळून, हे सांगितलं. 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगात जात पाहून काम वाटणं घटनाबाह्य ठरवलं आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला लावला, हे सांगितलं तेव्हा मागच्या भिंतीला टेकून बसलेला एक माणूस हळूच म्हणाला, "मले जात इचारली अन् हातात खराटा देला." कुठल्या जेलात ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सभागृहात कोणाला त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

शेवटी मी माझा आवडता मुद्दा काढला. 31 जानेवारी 2023 चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश. जामीन झाला की आदेशाची प्रत ई-मेलनं जेलमध्ये जायला हवी. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी सैल करायच्या का, हे कोर्ट स्वतःहून पाहू शकतं. "म्हणजे," मी माईकवर म्हणालो, "जामीन झालेला माणूस पैशापायी आत राहायलाच नको." टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी एक मावशी जवळ आल्या. साठीच्या असाव्यात, पदर डोक्यावर, हातात पन्नीत गुंडाळलेला कागद. पन्नीवर रबर, आत वर्तमानपत्र, त्याच्या आत आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि त्यांच्या मधोमध चार घड्या केलेला तो कागद. घडीवर फाटायला आला होता.

"साहेब, माया पोराचा जामीन तं झाला म्हनते. मंग सोडत कावून नाही?"

मी कागद उघडला. चोरीचा गुन्हा. जामीन जुलैत मंजूर. इंग्रजीत लिहिलेलं, पंचवीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सॉल्व्हंट, म्हणजे ऐपतदार, जामीनदार. म्हणजे पाच महिने.

"मावशी, जामीनदार मिळाला नाही का कोणी?"

"जामीनदार?" त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "म्या पैसे जमा करून राह्यली ना साहेब. साडेनऊ झाले. भिशी लागली की अजून पाच येईन. दोन घरची धुनीभांडी हायेत, एक सुटलं मधात, नाहीतं दिवाळीलेच झालं असतं."

कोर्टात रोज वावरणाऱ्याला हे समजायला अर्धा मिनिट लागतो. पंचवीस हजारांवर जामीन, म्हणजे पंचवीस हजार भरायचे नसतात. आरोपीला उद्या बोलावलं आणि तो आला नाही, तर एवढी रक्कम देईन अशी हमी जामीनदार लिहून देतो. त्याची तेवढी ऐपत आहे हे दाखवायला सातबारा, घरटॅक्सची पावती, पगाराची स्लिप असलं काहीतरी लागतं. रोख भरायची मुभा कोर्टानं वेगळी दिली तर गोष्ट निराळी, या आदेशात ती नव्हतीच. म्हणजे मावशींनी पूर्ण पंचवीस हजार आणून टेबलावर ठेवले असते तरी पोरगा सुटला नसता.

"हे पैसे भरायचे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच तं."

मला काही बोलता येईना.

"कोर्टात, पायरीपाशी. पानी येऊन राह्यलं होतं. तुमी म्हनले, झाला मावशी, पंचवीस हजारावर झाला. अन् गेले तुमी पटकन."

मला त्या आठवत नव्हत्या. घरी जाऊन डायरी काढली तेव्हा जुलैच्या त्या तारखेला माझ्याच अक्षरात होतं: जामीन मंजूर. पुढे हिरव्या पेनाची बरोबरची खूण. माझ्या हिशेबी ती केस तिथं जिंकून संपली होती. पंधरा वर्षं मी हे वाक्य बोलतोय. पोलीस बोलतात, बेलिफ बोलतो, पेपरात छापून येतं, इतक्या हजारांवर जामीन. ऐकणाऱ्याला त्यात पैसे ऐकू येणार नाहीत तर काय ऐकू येणार? आणि सात दिवसांनी कोणी कोणाला कळवायचं होतं, ते कुठं अडलं, याचा शोध घ्यायला मी दुसऱ्या दिवशी निघालो खरा, पण पायरीवर उभा राहून ते वाक्य म्हणणारा मीच होतो.

संध्याकाळच्या सिनेमाला थांबायचं नव्हतं, पण थांबलो. 'दो आँखें बारह हाथ', 1957 चा. आटपाडीजवळ औंध संस्थानात 1939 साली स्वतंत्रपूर नावाची बंद्यांची खुली वसाहत झाली, सिनेमाची गोष्ट तिथून आलेली. खुनाची शिक्षा झालेले सहा जण आणि भिंतीऐवजी त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर. बाया नाकाला पदर लावून पाहत होत्या. "असा जेलर कुठं भेटते?" कोणीतरी म्हणालं, तर एक म्हातारे गृहस्थ उलट बोलले, "भेटते. मी मोर्शीले होतो, खुल्या जेलात. शेतीच करत होतो. भिंतच नाही, पन पळावं वाटलं नाही." सगळे वळून त्यांच्याकडे पाहायला लागले आणि पडद्यावरचा पाऊण मिनिट वाया गेला. माझं मात्र अर्धं लक्ष खिशातल्या त्या कागदाकडे. झेरॉक्स काढून मूळ प्रत मावशींना परत दिली होती. त्यांनी ती पुन्हा वर्तमानपत्रात, पन्नीत, रबर लावून ठेवली.

सोमवारी अटी शिथिल करण्याचा अर्ज टाकला. मावशींच्या घराला पट्टा नाही, नातेवाइकांत कोणाचा सातबारा नाही, जामीनदार आणणार कुठून, हे लिहिलं. 31 जानेवारीचे निर्देश जोडले. कोर्टानं फार काही विचारलं नाही. बुधवारी आदेश झाला, नुसत्या जातमुचलक्यावर सोडा. या वेळी मुन्शीला पाठवलं नाही, मी स्वतः कागद घेऊन वर्धा रोडला गेलो. आतली टाळेबंदी व्हायच्या आधी कागद पोचला नाही तर रात्र वाढते, एवढं मला ठाऊक होतं. दिवे लागल्यावर पोरगा बाहेर आला. कपडे त्याच पन्नीसारख्या एका पन्नीत. आईच्या पाया पडला आणि पहिलं काय विचारलं तर, "माया मोबाइल चालू हाय का?"

दोन दिवसांनी मावशी ऑफिसात आल्या. पदराच्या गाठीतून नोटा काढून टेबलावर मांडल्या. साडेनऊ हजार. बहुतेक शंभराच्या आणि पन्नासाच्या.

"हे आता कुठं भरू?"

"कुठंच नाही मावशी. तुमचे पैसे आहेत, घरी न्या."

त्यांना पटेना. पोरगा सुटला आणि पैसे लागले नाहीत, असं कसं? उद्या कोणी आलं आणि म्हणालं पैसे भरले नाहीत, परत आत घ्या, तर? मी दोनदा समजावलं, मुन्शीनं तिसऱ्यांदा समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मंग तसं लिहून द्या."

मी लेटरहेड काढलं. मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं की या केसमध्ये कोर्टात कोणतीही रक्कम भरायची नाही. सही केली, तारीख घातली. त्यांनी तो कागद उलटा-सुलटा पाहिला आणि विचारलं, "अन् शिक्का?"

शिक्का मारला.