एका ग्रॅमात दहा गुंठे : आमची वाटचाल

कुडाळला वडिलांचा खोबरेल तेलाचा घाणा होता आणि घाण्याच्या मागच्या पडवीत करवंट्यांचा ढीग बारा महिने लागलेला असे. त्यातल्या थोड्या आमच्या न्हाणीच्या चुलीत जात, थोड्या शेजारीपाजारी नेत आणि उरलेल्या एक व्यापारी अगदी किरकोळ भावाने ट्रकमध्ये भरून दक्षिणेकडे घेऊन जाई. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी एकदा त्या व्यापाऱ्याला विचारले की एवढ्या करवंट्यांचे पुढे होते काय, तेव्हा त्याने ‘पाणी साफ करायचा कोळसा करतात’ एवढेच सांगितले. आमच्या व्यवसायाची सुरुवात मी त्या उत्तरापासून धरते. त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे आजपासून सत्तावीस वर्षांपूर्वी, वडिलांच्या जामिनावर कर्ज काढून आम्ही औद्योगिक वसाहतीत एक लहान भूखंड घेतला आणि सक्रिय कार्बन बनवण्याची पहिली फिरती भट्टी उभी केली.

चुलीतला कोळसा आणि सक्रिय कार्बन यांत फरक काय, हे आजही प्रत्येक नवा ग्राहक विचारतो. करवंटी हवा न लागू देता 400 ते 600 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातले पाणी, धूर आणि डांबरासारखे पदार्थ निघून जातात व काळा, टणक कोळसा उरतो. त्या कोळशाची छिद्रे बहुतेक बुजलेलीच असतात. तोच कोळसा बारीक तुकडे करून 900 अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत फिरवला आणि त्यावर वाफ सोडली, तर वाफ कार्बनच्या एकेका अणूशी संयोग पावते, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे वायू होऊन बाहेर पडतात, आणि जिथून कार्बन गेला तिथे पोकळी राहते. हे वायू आम्ही भट्टीतच जाळतो, त्यामुळे इंधन वाचते. चांगल्या प्रतीच्या मालासाठी सुमारे तीन किलो कोळसा घालावा तेव्हा एक किलो सक्रिय कार्बन हाती लागतो. आमच्या घरी सुरुवातीला हा हिशेब कोणाला पटत नव्हता, कारण विकत घेतलेल्या मालातला दोन तृतीयांश भाग आपणच जाळून टाकायचा आणि उरलेला महाग विकायचा, असा धंदा आमच्या पाहण्यात नव्हता. पण ग्राहक पैसे मोजतो ते उरलेल्या कार्बनमधल्या पोकळीचे.

ती पोकळी किती असते, हे मी गुंठ्यांत सांगते, कारण चौरस मीटर ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. करवंटीच्या चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये छिद्रांच्या भिंतींचे एकूण क्षेत्रफळ साधारण 1,000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरते. चार ग्रॅम घेतले तर एक एकर होतो. या भिंती एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की त्यांच्यामध्ये शिरलेल्या रेणूला दोन्ही बाजूंनी ओढ लागते आणि तो तिथे चिकटून राहतो. स्पंज पाणी शोषतो तसे हे शोषण नव्हे. इथे पदार्थ पृष्ठभागावर धरला जातो, म्हणून याला अधिशोषण म्हणतात. पाण्यात ज्यांना फारसे विरघळायचे नसते असे सेंद्रिय पदार्थ, म्हणजे वास देणारे, चव बिघडवणारे, काही कीटकनाशकांचे अंश, ते पाणी सोडून या भिंतींना धरतात. मीठ मात्र पाण्यातच राहते, कारण त्याचे आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेले असतात.

पहिले वर्ष आमची भट्टी पुरेशी तापत नव्हती. माल दिसायला काळाभोर आणि टणक होई, पण आयोडीन आकडा, म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो तो आकडा, 600 च्या वर जात नसे, आणि पाण्याच्या कामासाठी बाजार 900 ते 1,100 मागत होता. ही चाचणी मी गेली सत्तावीस वर्षे स्वतःच्या हाताने करत आले आहे. कार्बनची बारीक पूड तोलून घ्यायची, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून थंड करायची, त्यात आयोडीनचे तांबूस द्रावण ओतून अर्धा मिनिट जोराने हलवायचे, गाळायचे, आणि गाळलेल्या द्रावणात उरलेले आयोडीन संपवणारे थायोसल्फेट ब्युरेटमधून सोडायचे. रंग फिकट पिवळा झाला की स्टार्चचे थेंब टाकायचे, द्रावण गडद निळे होते. मग एकेक थेंब सोडत राहायचे, आणि कुठल्या तरी एका थेंबाला सगळा निळेपणा एकदम नाहीसा होतो. तो थेंब जितका लवकर येईल तितके आयोडीन कार्बनने धरून ठेवले असे समजायचे. भट्टीची आतली विटांची अस्तरे बदलून आणि हवा आत शिरणाऱ्या फटी बुजवून (हवा शिरली तर कोळशाला छिद्रे पडण्याऐवजी त्याची वरून राख होते) आम्ही एका पावसाळ्यात हा आकडा 1,050 पर्यंत नेला, तेव्हा तो कागद वडिलांनी घाण्यावरच्या गणपतीपुढे ठेवला होता.

पहिला कायमचा ग्राहक सावंतवाडीकडचा कोकम सरबत बनवणारा होता. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनमुळे त्यांच्या सरबताला औषधी वास येत असे. आम्ही त्यांना वाळूच्या गाळणीनंतर कार्बनची टाकी बसवून दिली आणि वास गेला. क्लोरिनच्या बाबतीत कार्बन नुसता धरून ठेवत नाही. क्लोरिन कार्बनच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया करून निरुपद्रवी क्लोराइड होतो, आणि ही क्रिया इतकी जलद असते की बरेचसे काम टाकीच्या वरच्या थरातच उरकते. मात्र त्यानंतरच्या पाण्याला जंतूंपासून कोणतेही संरक्षण राहत नाही. उलट कार्बनच्या थरावर जंतू वाढू शकतात. म्हणून कार्बननंतर अतिनील दिवा किंवा तत्सम सोय हवीच, हे आम्ही पहिल्या दरपत्रकापासून लिहीत आलो आणि त्यामुळे काही ऑर्डरी गमावल्याही.

सर्वांत मोठी चूक चौथ्या वर्षी झाली आणि ती पूर्णपणे माझी होती. कोल्हापूरकडच्या एका साखरेच्या पाकाच्या कारखान्याला पाकाचा तपकिरी रंग काढायचा होता. आमचा आयोडीन आकडा उत्तम, करवंटीचा माल टणक, तेव्हा मी विचार न करता चाळीस पोती पाठवली. पाक टाकीतून जसा गेला तसाच बाहेर आला. आठ दिवसांनी पोती परत आली आणि त्यांच्या व्यवस्थापकांनी फोनवर शांतपणे एवढेच विचारले, “मॅडम, तुम्ही हे आमच्या पाकावर करून बघितलं होतं का?” मी बघितले नव्हते.

उत्तर शोधायला मला कोकमाने मदत केली. मी दोन चंचुपात्रांत कोकमाचे लाल पाणी घेतले. एकात आमच्या करवंटीच्या कार्बनचे दाणे टाकले, दुसऱ्यात लाकडाच्या भुशापासून फॉस्फोरिक आम्ल वापरून केलेला पुडीचा सक्रिय कार्बन. दोन्ही ढवळून गाळले. पहिले पाणी लालच राहिले, दुसरे जवळजवळ नितळ झाले, आणि जिभेवर घेतले तर आंबटपणा बराचसा तसाच होता. करवंटीच्या कार्बनमधली बहुतेक छिद्रे दोन नॅनोमीटरहून अरुंद असतात, म्हणजे एका मिलिमीटरचे पाच लाख भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही लहान. आयोडीनचा लहान रेणू तिथे सहज शिरतो. साखरेच्या पाकातले, उष्णतेने तयार झालेले रंगाचे मोठे रेणू दारातच अडतात. लाकडाच्या कार्बनमध्ये रुंद छिद्रे भरपूर असतात, शिवाय पुडीमुळे रेणूला आत जाण्याचे अंतरही कमी पडते. आयोडीन आकडा खोटा नव्हता. तो लहान छिद्रांबद्दल सांगत होता आणि मी त्याला मोठ्या छिद्रांबद्दल विचारत होते. पाकासाठी मळीच्या द्रावणावर केलेली रंग उतरण्याची चाचणी बघायला हवी होती, आणि मधल्या आकाराच्या रंगांसाठी मेथिलीन ब्लू या निळ्या रंगावरची.

पुढे वाचनात आले की 1785 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे टोबियास लोविट्झ या औषधशास्त्रज्ञाने टार्टारिक आम्लाच्या तपकिरी द्रावणाचा रंग कोळशाने घालवला होता. रंग गेला, आम्ल राहिले. कुडाळच्या प्रयोगशाळेत कोकमाच्या पाण्याने मला दाखवले ते हेच, हे वाचून फार समाधान वाटले.

त्यानंतर आम्ही लाकडाचा पुडीचा कार्बन दुसऱ्या उत्पादकाकडून घेऊन देऊ लागलो, कारण तो बनवण्याची आमची सोय नाही आणि नसलेली सोय आहे असे भासवायचे नव्हते. करवंटीच्या बाबतीतही असेच झाले. सिंधुदुर्गातल्या करवंट्या विखुरलेल्या, घरोघरच्या चुलीत त्यांना आधीच मागणी, आणि खड्ड्यांत कोळसा पाडताना होणाऱ्या धुराचा गावाला त्रास. तेव्हा आता बराचसा कोळसा कर्नाटकातल्या तिपटूर आणि तामिळनाडूतल्या कांगेयम भागातून, जिथे खोबऱ्याचा मोठा व्यापार आहे तिथून येतो.

एक प्रसंग इथे सांगितलाच पाहिजे. एका ग्राहकाच्या मोठ्या टाकीतला जुना, ओला कार्बन काढायला आमचा एक कामगार वरच्या झाकणातून आत उतरला आणि काही क्षणांत त्याला भोवळ आली. वर उभ्या असलेल्या दोघांनी दोर ओढून त्याला बाहेर काढले, तो वाचला. टाकीत विषारी वायू कुठलाच नव्हता. ओला सक्रिय कार्बन बंद जागेतल्या हवेतला प्राणवायू धरून घेतो आणि आतली हवा श्वासाला निकामी होते. हे मला पुस्तकातून माहीत होते, पण मी ते कामगारांना सांगितले नव्हते, याची टोचणी आजही आहे. त्या दिवसापासून प्राणवायू मोजल्याशिवाय, बाहेरून हवा सोडल्याशिवाय आणि वर माणूस उभा असल्याशिवाय आमचे कोणीही टाकीत उतरत नाही.

ग्राहकांशी सर्वाधिक बोलणे होते ते टीडीएसवरून, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांच्या आकड्यावरून. कार्बनची गाळणी बसवल्यावर टीडीएस मीटर बुडवून ‘आकडा तेवढाच आहे’ अशी तक्रार येते. तो तेवढाच राहणार, कारण तो मीटर विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून जाणारी वीज मोजतो आणि क्षारांना कार्बन हात लावत नाही. बोअरचे जड पाणी याने मऊ होत नाही, नायट्रेट जात नाही. यवतमाळ, चंद्रपूर भागातून फ्लोराइडच्या पाण्यासाठी विचारणा आली तेव्हाही आम्ही सक्रिय ॲल्युमिना किंवा आरओकडे बोट दाखवले. (हाडांचा कोळसा फ्लोराइड धरतो हे खरे, पण ते काम त्यातल्या कॅल्शियम फॉस्फेटचे असते, कार्बनचे नव्हे.) आरओ यंत्रात कार्बन लागतो तो वेगळ्या कारणाने : क्लोरिनमुळे आरओचा पडदा खराब होतो, म्हणून कार्बन त्याच्या आधी बसवायचा.

कार्बन संपला हे बाहेरून दिसत नाही. भरलेली छिद्रे आणि रिकामी छिद्रे सारखीच काळी. म्हणून क्लोरिनसाठी बसवलेल्या प्रत्येक टाकीबरोबर आम्ही ग्रामपंचायतीत वापरतात तीच ओटी टेस्टची बाटली देतो. टाकीतून बाहेर येणाऱ्या पाण्यात दोन थेंब टाकावेत. पाणी पिवळे झाले तर क्लोरिन निसटू लागला आहे, कार्बन बदलायला हवा. पोत्यांबद्दलही एक सूचना छापलेली असते, की ती फिनेल, रंग किंवा डिझेलजवळ ठेवू नयेत, कारण कार्बन त्यांच्या वाफा पोत्यातूनच धरू लागतो आणि वापरण्याआधीच निम्मा भरून जातो.

साखरेच्या पाकाच्या त्या कारखान्याने दोन वर्षांनी आम्हाला पुन्हा बोलावले. त्या वेळी मी आधी त्यांचा पाच लिटर पाक मागवला, चार प्रकारचे कार्बन वेगवेगळ्या मात्रेत त्यावर करून पाहिले आणि मगच दर कळवला. तेव्हापासून नमुना आल्याशिवाय आम्ही कोणालाही दरपत्रक देत नाही. या आठवड्यात प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन कॅन आले होते. एकात गोव्यातल्या एका हॉटेलचे क्लोरिनच्या वासाचे पाणी होते. त्यांना टाकीचा आकार आणि दर सोमवारी पाठवला. दुसऱ्यात एका वाडीच्या विहिरीचे पाणी होते, त्यात नायट्रेट निघाले. तो कॅन आणणाऱ्या सरपंचबाईंना मी अहवाल हातात दिला, आमचा माल याला उपयोगी नाही हे सांगितले, आणि कोणती यंत्रणा लागेल ते अहवालाच्या मागे लिहून दिले.