पंचम जॉर्जचा १९२२ चा रुपया मिळाला, सहाव्या जॉर्जचा १९३९ बाकी

मंडळी, नोंद टाकायला उशीर झाला, पण यावेळी सांगण्यासारखं आहे. पंचम जॉर्जच्या रुपयांचा १९११ ते १९२२ हा संच सालवार पुरा झाला. अडून बसलेला १९२२ एका ज्येष्ठ संग्राहकांनी त्यांच्याकडचा दुबार म्हणून दिला. मुकुटाची नक्षी घासलीय, झग्यावरचं काम अर्धं गेलंय, पण मागच्या बाजूला कमळाखालचा मुंबई टांकसाळीचा ठिपका भिंगाखाली टपोरा दिसतो. मला तेवढं पुरे.

नवीन मंडळी पहिल्यांदा विचारतात ते १९११ च्या ‘पिग रुपया’बद्दल. राजाच्या झग्यावरच्या मानचिन्हातला हत्ती इतक्या आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. मुसलमान समाजातून ओरड झाली आणि सरकारने नाणं आवरतं घेतलं. सुमारे ९४ लाख पाडले होते, बाहेर पडले जेमतेम सात लाख. बाकीचे पुन्हा भट्टीत. १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आली. गोष्ट झकास, म्हणून भावही चढा. पण खरं सांगू? मोठ्या प्रदर्शनात चार टेबलं फिरलात की एखादा दिसतोच. आणि झिजलेला असेल तर हत्ती काय नि डुक्कर काय, साल बघूनच ओळखायचा.

या मालिकेतली माझी खरी आवड म्हणजे चांदीचा हिशोब. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी ओढाताण झाली की १९१७ च्या अखेरीस सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला, २५ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी इकडे आली. (तुमच्या डबीतला १९१८ चा रुपया आधी मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, असू शकतो!) म्हणून तर १९१८ ते १९२० चे रुपये ढिगाने मिळतात, सराफाकडे बसून देखणे तेवढे निवडून घ्यावेत. मग गरज सरली. १९२१ आणि १९२२ चे फक्त मुंबईत पडले, तेही थोडे, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं चलनासाठी रुपया पाडलाच नाही.

आता राहिला सहाव्या जॉर्जचा १९३९. वजन तेच, एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आणली गेली आणि जुने चोख रुपये मागे घेऊन वितळवले गेले. १९३९ आधीच कमी, त्यात हे. म्हणूनच बाजारात खऱ्यापेक्षा बनावट जास्त फिरतात.

नुकताच एका व्यापाऱ्याने एक दाखवला. वजन चोख, कडेचे दाते चोख, आवाजही खणखणीत. असणारच, नाणं अस्सल होतं. फक्त १९३८ चं! दहापट भिंग लावलं तर शेवटच्या आकड्याच्या खालच्या कड्याचा डावा भाग खरवडलेला. तिथली जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, जराशी खोलगट आणि आजूबाजूपेक्षा जास्त चकचकीत. बाकी नाण्यावर जुनी करडी झाक, तेवढ्याच जागी पांढरी चांदी. शंका आली तर त्याच नाण्यावरच्या १९ मधला ९ शेजारीच आहे, दोन्हींची शेपटी ताडून पाहा. याच्या शेपटीला टोक होतं, पण वळण आठचंच. व्यापाऱ्याला दाखवलं तर म्हणे, ‘घासलंय म्हणून तसं दिसतं.’ हसून परत दिला.

यापुढे १९३९ घेईन तो ग्रेडिंग झालेला, म्हणजे तज्ज्ञांनी अस्सलपणा आणि दर्जा तपासलेला, सीलबंद होल्डरमधलाच, मग लिलावात चार पैसे जास्त गेले तरी चालतील. तोवर पंचम जॉर्जची टांकसाळवार खाती भरतोय. १९१५ चा कलकत्ता, म्हणजे कमळाखाली ठिपका नसलेला, कुणाकडे दुबार असेल तर कळवा. बदल्यात १९१८ मुंबईचे दोन चांगले आहेत, धुतलेले नाहीत.