उंचावरचं बटण

आई अंधारात बसल्या होत्या आणि त्यांनी मला हाक मारली नाही. संध्याकाळपासून डोक्यातून एवढंच जाता जात नाही.

मी मागच्या दारी वाकळा वाळत घालत होते. घटस्थापना तोंडावर आली, त्यात रंगारी लावलेला, त्यामुळे सोप्यातलं सगळं सामान माजघरात येऊन पडलंय. घाटावर आज पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं कोल्हापूर गोधड्या घेऊन पंचगंगेवर. ओल्या वाकळा पिळून, उचलून खांदे भरून आले होते. तरी 'अगं ए' एवढं म्हटलं असतं तर मला मागं ऐकू आलं असतं. आत येऊन बघते तर सोप्यात काळोख, आई कॉटवर, हातात माळ, आणि शेजारचा सोनू स्टुलावर चढून बटण दाबतोय. दिवा लागला. आईंनी दिव्याला हात जोडले आणि सोनूच्या हातावर खडीसाखर ठेवली.

"मी बसलो हुतो की निवांत," मला म्हणाल्या. "तू कामात हुतीस."

होते कामात. मी कधी कामात नसते?

बटणांचा बोर्ड इतका वर का गेलाय हे आमच्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेला 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ असतात. पाणी नदीकडच्या जामदार क्लबला आलं म्हटलं की आम्ही गहू-तांदूळ माळ्यावर चढवतो. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडले म्हटलं की कपाटाचे खालचे कप्पे रिकामे करतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि आमच्या सोप्यात छातीला लागलं. ओसरल्यावर वायरमननं बोर्ड खोलला, तर सॉकेटच्या भोकांतून बारीक गाळ गळत राहिला. सनमायका फुगून सुटलेला, आतल्या पितळी पत्त्या हिरव्या पडलेल्या. तेव्हाच ठरवलं आणि सगळं वर नेलं. मीटर, फ्यूज, बटणं, सगळं सहा फुटांवर, वायरी छताकडून खाली सोडलेल्या. 2021 च्या जुलैत पाणी परत घरात आलं, पण बोर्डाला थेंब शिवला नाही. भिंती वाळू दिल्या, सगळं तपासून घेतलं आणि त्याच वायरिंगवर दिवे लागले. कितीतरी घरांत तेव्हा दुसऱ्यांदा वायरिंग करावं लागलं होतं. म्हणजे आम्ही केलं ते बरोबरच केलं. मला आजही तसंच वाटतं. म्हणूनच बहुतेक जास्त लागतंय, कुणाच्या नावानं बोटं मोडायचीही सोय नाही.

तेव्हा आई टाचा उंचावून बटण दाबायच्या. पुढं स्टुलावर चढून. मग गेल्या पावसाळ्यात ते पडणं झालं आणि स्टुलाचा विषयच संपला. तेव्हापासून बटण कुणीही दाबतं. हे असले तर हे, नाहीतर मी. आज आम्ही दोघंही समोर नव्हतो, एवढंच घडलं. पण मी घरात होते ना. चार पावलांवर होते.

भाकरी थापताना तेच. हाक का मारली नाही? परकी वाटते का मी त्यांना? इतकी वर्षं या घरात काढली, त्यांच्या औषधांच्या वेळा माझ्या फोनमध्ये, त्यांचा मोतीबिंदू, त्यांचे ते हॉस्पिटलातले दिवस, सगळं कुणी केलं? वन्संचा फोन आला की तासभर बोलणं चालतं. जाऊ दे ते. पण अंधारात बसून राहायचं आणि सुनेला हाक मारायची नाही, हे जिव्हारी लागलं. यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, विसरली असेल." विसरल्या नव्हत्या. विसरलं माणूस शेजारच्या पोराला बोलवत नाही.

जेवणं झाल्यावर सोप्यात झाडायला गेले. रंगाऱ्यानं आज भिंतीला पॉलिशपेपर मारलाय. जुना बोर्ड होता तिथल्या लाकडी गुल्ल्या लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवल्या होत्या, त्या चारी उघड्या पडल्यात. त्यांच्या शेजारी तळहाताएवढा तेलकट डाग. आई देवघरात निरांजन लावून यायच्या, तिथं डावा हात टेकायच्या आणि उजव्यानं बटण दाबायच्या. बोर्ड वर गेला तरी हात तिथंच टेकतात. निरांजनाचं तूप, कुंकू, डोक्याचं तेल, सगळं त्या डागात आहे. रंगारी म्हणतो, वरून नुसता रंग मारला की डाग परत फुटतो, आधी प्रायमर लागणार.

तिथंच झाडू हातात धरून बराच वेळ उभी राहिले. मी या घरात आले तेव्हापासून आईंनी एकेक काम माझ्याकडं दिलं. आधी चूल, मग दुधाचा हिशेब, मग कपाटाच्या किल्ल्या. घटाची माती कुठून आणायची आणि कडधान्यं किती पेरायची हेसुद्धा आता मीच बघते. दिवेलागण मात्र कधी दिली नाही. ताप असला तरी उठून यायच्या, दिवा लावायच्या, शुभंकरोति म्हणायच्या, मगच परत अंथरुणावर. हाक मारून मला लावायला सांगितलं असतं, तर ते काम आज माझं झालं असतं. सोनूनं काय केलं, नुसतं बटण दाबलं. दिवा लावला तो आईंनीच.

असं असेल का? त्यांना विचारलं नाही, विचारून सांगतीलसंही नाही. तरी हाक मारायला हवी होती, असं एक मन म्हणतंयच.

वायरमनला लगेच फोन लावला. त्यानं आधी सेन्सरचा दिवा सुचवला, माणूस हललं की आपोआप लागणारा. आई कॉटवरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मी उठलो की त्यो आपला आपण लागणार. मग मी काय करायचं?" मी सेन्सर नको म्हणून सांगितलं. जिन्यासारखं टू-वे, म्हणजे एकाच दिव्याला वर-खाली दोन बटणं, करू का विचारलं, तर त्याचं म्हणणं पटलं. टू-वेला खालच्या बटणातही करंट येतो, पाणी चढायला लागलं की तो दिवाच बंद ठेवावा लागेल. त्यापेक्षा सोप्यात दुसरा दिवा लावायचा, त्याचं बटण खाली आईंच्या हाताशी, आणि त्याची लाइन वेगळी काढून तिची एमसीबी, म्हणजे ती लाइन तोडायचा खटका, वर बोर्डात. पावसाळ्यात पाणी 39 च्या पुढं सरकलं की ती एमसीबी पाडायची, खालच्या वायरीत करंट राहत नाही. वरचा जुना दिवा आहे तसा चालू. पूर आला तर फार तर एक बटण जाईल. जाऊ दे, नवीन बसवू.

किती उंचीवर बसवायचं ते आईंनाच विचारलं. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या, खांद्याच्या जरा खाली बोट टेकवलं, मी पेन्सिलीनं खूण केली. मग म्हणाल्या, "आनि सोनूला येऊ दे हं. बटान खाली आलं म्हनून त्याची खडीसाखर बंद करू नगंस."

'करू नगंस' मला म्हणाल्या. म्हणजे खडीसाखर मी द्यायची. हे काम आता माझ्याकडं आलं.

लागलेलं अजून पुरतं गेलं नाही, पण संध्याकाळपेक्षा कमी आहे. वायरमन परवा सकाळी येतो म्हणालाय. तोवर खुणेपासून वर बोर्डापर्यंतचा भिंतीचा पट्टा सोडून रंग मार, असं रंगाऱ्याला उद्या आल्या आल्या सांगायला हवं, नाहीतर तो वायरीसाठी भिंतीत झरी मारायच्या आत लांबी भरून मोकळा होईल.