फेरो बेटं: वाऱ्यावर शिजणारं मांस

उत्तर अटलांटिकमधल्या या बेटांची राजधानी तोर्शाव्न अर्ध्या दिवसात पायी पाहून होतं, आणि गासादालुर गावच्या धबधब्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. फेरोची माणसं समजून घ्यायची असतील तर मला त्यांच्या घरामागची फटींची खोपटी जास्त मोलाची वाटते. तिला ह्यालुर म्हणतात.

उभ्या फळ्या, दोन फळ्यांमध्ये फट, आत दांड्यांना टांगलेली सोललेली मेंढरं. मीठ नाही, धूर नाही. ऊन बेताचं, जळणाला झाडं नाहीत, मग समुद्राचं पाणी आटवून मीठ काढायचं कशावर? उरला खारा, दमट वारा. शतकानुशतकं तोच कामाला जुंपलाय.

ऑक्टोबरच्या सुमारास मेंढ्या कापतात आणि मांस टांगतात. आधी ते आंबतं, वर बुरशीचा थर धरतो. नाताळच्या आसपास तयार होतं ते रॅस्त, म्हणजे अर्धवट वाळलेलं; ते शिजवून खायचं. पुढेही टांगून ठेवलं की त्याचं स्केर्पिक्योत होतं, ते कच्चंच खातात. सगळी मदार सुरुवातीच्या आठवड्यांवर. हवा उबदार राहिली तर माश्या फटींतून शिरून अंडी घालतात, मांस आंबायच्या ऐवजी नासतं. थंडी लवकर पडली तर आंबायच्या आतच वाळतं आणि चव धरत नाही. इतकं निगुतीनं केलेल्या मांसाला 'कुजकं' म्हणून नाक मुरडणाऱ्या पर्यटकांचा मला संताप येतो.

सुरुवात रॅस्तच्या सूपनं करा. स्केर्पिक्योत अगदी पातळ कापून, लोणी लावलेल्या राय (rye) धान्याच्या ब्रेडवर घ्या. जाड काप घेतलात तर चरबीचा उग्र दर्प चवीच्या आधी नाकात भरतो.

पायलट व्हेलचं मांसही असंच वाळवतात. तिथे मात्र मी थांबते. १९८६-८७ साली जन्मलेल्या सुमारे १,००० फेरोई मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. गरोदरपणी आईनं खाल्लेल्या व्हेलच्या मांसातून गेलेल्या पाऱ्याचा त्यांच्या स्मरणशक्तीवर, भाषेवर आणि एकाग्रतेवर परिणाम दिसला. व्हेलच्या चरबीत पीसीबी हे विषारी औद्योगिक रसायन साठतं ते वेगळंच. २००८ साली पाल वेइहे आणि होग्नी देबेस योएन्सेन या तिथल्याच डॉक्टरांनी पायलट व्हेल माणसानं खाऊच नये, असं सांगितलं. शिकारीचा वाटा गावात फुकट मिळतो, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. आपल्याच माणसांना हे सांगायला धैर्य लागतं. पाहुणचारात व्हेल पुढे आली तर नम्रपणे नको म्हणावं आणि मेंढीचाच आणखी एक काप मागून घ्यावा.