बाबांची गोळी

आज बाबांचा रिपोर्ट आला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ वरून ९२! बाबांनी तिथेच जाहीर केलं, "झालं, आता गोळी बंद." डॉक्टर हसल्या. "काका, ९२ आलंय ते गोळीमुळेच. सोडलीत की पुन्हा चढेल." यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन (बाबांच्या गोळीतलं औषध) ते बनवणं कमी करतं, मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. बाबांना हे काही पटेना. पटलं ते भलतंच: पहिलं स्टॅटिन (याच गटातलं औषध) जपानच्या अकिरा एन्डोंना १९७० च्या दशकात बुरशीत सापडलं, तेही पेनिसिलिनच्या भावकीतल्या. (आईच्या मते सगळं श्रेय लसणाचं.) गोळीमुळे पाय दुखले तर मनाने गोळी सोडायची नाही, आधी डॉक्टरांना फोन, एवढं कबूल करून घेतलंय. साबुदाणा वड्यांवर बोलणी अजून चालू आहेत.