एमेस्सी प्रोजेक्टला फ्रूट फ्लायचं मेटिंग घेतलं, कसं पार पडलं (माझा अनुभव)

पुण्यात कुणी ड्रोसोफिलाचं (म्हणजे फ्रूट फ्लायचंच) मेटिंग प्रोजेक्टला घेणार असेल तर वाचा. माझ्याकडे तिच्या मेलानोगास्टर आणि सिम्युलन्स या दोन जाती होत्या, दिसायला इतक्या सारख्या की सिम्युलन्स वेगळी जात आहे हे १९१९ मध्ये स्टर्टेव्हंट या जेनेटिक्सवाल्या शास्त्रज्ञाने मांडलं तेव्हा कळलं. खात्रीने ओळखायचं तर नराचं जननांग बघायचं, माद्यांचं अवघडच, म्हणून बाटल्यांवर लेबल म्हणजे लेबल.

माश्यांचं खाणं, म्हणजे मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगार शिजवणं सोपंय. जीव जातो व्हर्जिन (अजून मेटिंग न झालेल्या माद्या) गोळा करताना, कारण २५ डिग्रीला मादी कोषातून निघाल्यापासून साधारण ८ तासांत वेगळी काढावी लागते, मग रविवार असो की दिवाळी. त्यात आपल्याकडे गुरुवारी लाईट जाते, आणि मे महिन्यात इनक्युबेटर बंद पडून चालतच नाही कारण ३० डिग्रीला वाढलेले नर वांझ निघतात, म्हणून गुरुवारी माझ्या बाटल्या जनरेटरवाल्या शेजारच्या लॅबमध्ये मुक्कामाला.

प्रयोग म्हणजे सकाळी लाईट लागल्या लागल्या एक नर एक मादी ॲस्पिरेटरने (तोंडाने ओढायच्या नळीने) चेंबरमध्ये सोडायची (ईथर नको, वागणं बदलतं) आणि तासभर बघत बसायचं. कांदेपोह्यांचे विनोद आमच्याकडे सगळे करून झालेत. सरांचं म्हणणं, मेटिंग झालं की नाही एवढं लिही, आयसोलेशन इंडेक्स (दोन जाती किती फटकून राहतात त्याचा आकडा) काढू, स्वजातीय वजा परजातीय भागिले एकूण, १ आला तर पूर्ण फारकत. मला ते पटेना कारण नकार कुणाचा हे त्यात दिसतच नाही! मेलानोगास्टर मादीच्या अंगावर ७,११-हेप्टाकोसाडाईन नावाचं रसायन असतं, सिम्युलन्सचा नर पुढच्या पायाने टॅप करतो, त्याला ते कळतं आणि बहुतेकदा तो वळून चालू लागतो. उलट जोडीत, म्हणजे मादी सिम्युलन्सची असते तेव्हा, मेलानोगास्टरचा नर हात धुवून मागे लागतो, एक पंख पसरून गाणं म्हणतो, पण त्याच्या गाण्याच्या ठोक्यांमधलं अंतर ३५ मिलिसेकंदांच्या आसपास आणि तिच्या जातीतलं ५० च्या, तिला पटत नसावं, लाथा झाडून पळते. शीटवर दोन्हीकडे 'नाही'च. म्हणून मी टॅपिंग, पंख, चाटणं, चढायचा प्रयत्न असे वेगळे कॉलम केले आणि सरांनीही मग ते ठेवू दिले.

आणि जी मोजकी क्रॉस मेटिंग जमतात त्यांची पिल्लं अजिबात फेकू नका. आई मेलानोगास्टर असेल तर जवळपास सगळ्या मुलीच, आई सिम्युलन्स असेल तर बहुतेक मुलगेच, आणि दोन्हीकडे वांझ. माझ्या व्हायव्हात एक्स्टर्नलने बाकी सगळं सोडून हेच विचारलं.