रात्री दहाचं जेवण

स्पेनमधल्या सेवियात संध्याकाळी सात वाजता भूक लागली तर ती आपली आपण सांभाळायची. बार उघडे असतात, कॉफी मिळते, बीअर मिळते, पण किचन दुपारी चारला बंद झालेलं असतं ते साडेआठच्या आधी काही उघडत नाही, आणि बाहेर ऊन मात्र असं रणरणतं की आपल्याकडचे तीन वाजलेत. जूनमध्ये इथं सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमाराला!

मग मी हॉस्टेलच्या बंकवर लोळत नकाशा काढून बसले. सेविया लंडनच्याही पश्चिमेला आहे, आणि तरी घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. १९४० मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोने घड्याळं जर्मनीच्या वेळेला नेली आणि नंतर कुणी ती मागे आणलीच नाहीत, वर उन्हाळ्यातला अजून एक तास, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो जवळजवळ अडीचला. म्हणजे अडीचला जेवणारे हे लोक उन्हाच्या हिशोबाने बाराच्या ठोक्याला जेवतात आणि रात्री दहाचं जेवण म्हणजे खरं तर साडेसातचं, माझ्या आजीची वेळ. उगीच आपण त्यांना आळशी म्हणतो.

पहिल्या दिवसांत बघायचं ते सगळं बघितलं, कॅथेड्रल झालं, हिराल्दा झाली (१२व्या शतकातला मशिदीचा मिनार, वर जायला ३५ उतार, जिना फक्त शेवटी थोडासा, बांग देणारा म्हणे घोड्यावर बसून वर जायचा), प्लाझा दे एस्पान्या झाला. छान आहे सगळं, पण फोटोत दिसतं तसंच आहे. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे बारचं काउंटर.

एकटीने फिरताना हॉटेलात टेबल मागायचा मला मनापासून कंटाळा येतो, "एकच?" हा प्रश्न कुठल्याही भाषेत कळतो. इथं तो विचारायची वेळच येत नाही, कारण निम्मं गाव उभ्यानेच खातं. कोपर कुठं टेकवता येईल तेवढी जागा बघायची, एक छोटी बीअर, एक तापा (म्हणजे छोट्या बशीतला पदार्थ), झालं तर दुसरा बार. एल रिंकोन्सियो नावाचा बार आहे, १६७० पासूनचा, वर छताला डुकराच्या मांड्या टांगलेल्या, आणि तुम्ही काय काय खाल्लं ते वेटर समोरच्या लाकडावरच खडूने लिहितो. तिथं पालक आणि काबुली चण्यांची भाजी मिळते, तिच्यात चक्क जिरं! मांस न खाणाऱ्यांनी डोळे मिटून मागवावी. साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटो, पाव आणि ऑलिव्ह ऑइलचं गार दाट सूप, तेही उत्तम, फक्त वर हॅमचे तुकडे घालू नका हे आधी सांगायला लागतं, नाहीतर ते प्रेमाने घालतातच.

आणि रात्रीचं काय, बाई एकटी, हा घरून आलेला प्रश्न. त्याचं उत्तर मला आलामेदा दे एर्कुलेसवर मिळालं. १५७४ मधला हा मोठा मोकळा चौक, एका टोकाला रोमन खांब, त्यावर हर्क्युलिस आणि ज्युलियस सीझर, खाली बारची टेबलं पसरलेली, आणि रात्री साडेअकराला तिथं पोरं फुटबॉल खेळत होती. आज्या लिपस्टिक लावून, पंखे हलवत गप्पा मारत होत्या, बाबागाड्यांमधली बाळं टक्क जागी. पोलीस, कॅमेरे, दिवे सगळं ठीक आहे, पण ज्या चौकात मध्यरात्रीच्या तोंडावर आज्या बसलेल्या असतात तिथं माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे? पर्स मात्र पुढेच ठेवावी, ती कुठंही.

आता मीही दुपारी पडदे ओढून झोपते, पाचनंतर बाहेर पडते. घरच्यांना व्हिडिओ कॉल करायचं तेवढं जमत नाहीये, मी जेवायला निघते तेव्हा पुण्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो, आणि आई रोज मेसेज टाकून ठेवते, "जेवलीस का?"